सर्दी एकच, विषाणू अनेक : वर्गात करून पाहिलेला एक धडा



आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै कसाबसा जातो. पोळ्याच्या आसपास पहिली-दुसरीच्या वर्गात गेलात तर अर्धा वर्ग नाक ओढत असतो आणि उरलेला अर्धा खोकत असतो. आमच्या देऊळघाटला पैनगंगेकाठची दमट हवा, त्यात वर्गाच्या खिडक्या पावसामुळे बंद, त्यामुळे एकाला झालं की आठवड्यात सगळ्यांना. मागच्या वर्षी असाच सहावीचा तास चालू होता. एका मुलीने विचारलं, "सर, गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही असं तुम्हीच सांगितलं. मग मला मागच्या महिन्यात सर्दी झाली होती, आता परत कशी झाली?"

प्रश्न साधा वाटला. उत्तर द्यायला उभा राहिलो आणि लक्षात आलं की आपलंच उत्तर अर्धवट आहे. "सर्दीचे विषाणू बदलत राहतात" एवढं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण बदलतात म्हणजे काय? कोण बदलतं? आणि गोवराचा विषाणू मग का बदलत नाही? त्या प्रश्नामागे लागून मी जे वाचलं, वर्गात जे करून पाहिलं आणि घरात जे भोगलं, ते या लेखात आहे. वर्गात प्रयोग करायचा असेल तर पुढचा भाग नीट वाचा. पालक असाल आणि घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर लेखाचा शेवटचा भाग आधी वाचा, मग वर या.

चिठ्ठीचा प्रयोग

बत्तीस मुलं होती. आठ-आठच्या चार रांगा केल्या. प्रत्येक रांगेतल्या पहिल्या मुलाला एकच वाक्य लिहिलेली चिठ्ठी दिली :

"पैनगंगेला पूर आला म्हणून गुरुवारी शाळा लवकर सुटली."

नियम असा की चिठ्ठी दहा सेकंद पाहायची, उलटी ठेवायची, आपल्या कागदावर उतरवायची आणि आपला कागद मागच्याला दाखवायचा. मूळ चिठ्ठी मागे जात नाही. चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही, जे दिसलं ते उतरवायचं. कानगोष्टींचा खेळ सगळ्यांना माहीत आहे, हा त्याचा लेखी अवतार.

आठव्या मुलापर्यंत वाक्यांचं काय झालं ते सांगतो. पहिल्या रांगेत "पूर"चा "पुर" झाला आणि "गुरुवारी"चं "गुरवारी". दुसऱ्या रांगेत तिसऱ्या मुलाने गडबडीत "शाळा शाळा लवकर सुटली" असं लिहिलं आणि पुढच्या पाचही जणांनी ते "शाळा शाळा" इमानेइतबारे उतरवलं. तिसऱ्या रांगेत "पैनगंगेला पोर आला" झालं, त्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता. चौथ्या रांगेतून "लवकर" हा शब्दच गळाला, आणि तिथेही कुणीतरी "पुर" लिहिलं होतं.

खरी गंमत नंतर. बत्तीसही चिठ्ठ्या नावं न लिहिता गोळा केल्या, फेटल्या आणि आठवीच्या मुलांपुढे टाकल्या. सांगितलं, यातल्या कोणत्या चिठ्ठ्या एका रांगेतल्या आणि त्यांचा क्रम काय ते शोधा. कुणी कुणाचं पाहून लिहिलं ते शोधा, एवढंच. पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी जवळपास सगळं लावून दिलं. फक्त दोन चिठ्ठ्या चुकल्या. का चुकल्या? कारण "पूर"चा "पुर" दोन रांगांत स्वतंत्रपणे झाला होता. ऱ्हस्व-दीर्घाची चूक कुणीही करतं, म्हणून तिच्यावरून नातं ठरवता येत नाही. पण "शाळा शाळा" अशी दुरुक्ती दोन रांगांत आपोआप होणं अवघड. ती ज्या चिठ्ठीवर दिसेल ती दुसऱ्याच रांगेतली, हे डोळे झाकून सांगता येतं.

आपण शिक्षक हे रोज करतो. वह्या तपासताना गणित बरोबर आलं म्हणून कॉपी पकडली जात नाही. दोन वह्यांत एकच विचित्र चूक असली की पकडली जाते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. नकलांमागून नकला होताना त्यात पाठभेद शिरले होते, म्हणूनच ते काम करावं लागलं. विषाणूंचा अभ्यास करणारे लोक प्रयोगशाळेत याच जातीचं काम करतात, फक्त त्यांची पोथी चारच अक्षरांत लिहिलेली असते.

आता विषाणूची वही

लहान बाळांच्या छातीत उतरणाऱ्या विषाणूंमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आहे आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस. नाव अवघड आहे, पण दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. १९५६ साली अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये तो पहिल्यांदा सापडला आणि वर्षभरात कळलं की तो खरं तर माणसाच्या बाळांचा आजार आहे. त्याची "वही" आरएनएची असते, सुमारे १५,२०० अक्षरांची. त्यात दहा जनुकं.

पेशीत शिरला की तो या वहीच्या नकला काढायला लागतो. नक्कल काढणारं त्याचं यंत्र, म्हणजे एक विकर, लिहिलेलं पुन्हा वाचून पाहत नाही. साधारण दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे काही नकला हुबेहूब निघतात, काहींत एखादं अक्षर बदललेलं असतं. आपल्या पेशी स्वतःच्या डीएनएची नक्कल काढतात तेव्हा तपासनीस सोबत असतो, चुका खोडल्या जातात. बहुतेक आरएनए विषाणूंकडे असा तपासनीस नसतो. (कोरोनाच्या कुळाकडे थोडीफार तपासणी आहे, म्हणून तो त्या मानाने सावकाश बदलतो. कोविडच्या काळात तो किती भराभर बदलतो असं आपल्याला वाटत होतं ना? फ्लूच्या मानाने तो मंदच.)

यातल्या बहुतेक चुका निकामी असतात. "पोर आला" सारखी नक्कल अर्थाला मुकते आणि तो विषाणू तिथेच संपतो. काही चुकांनी काहीच बिघडत नाही, त्या नुसत्या वाहत जातात. क्वचित एखादी चूक फायद्याची ठरते.

आरएसव्हीचे दोन मोठे गट आहेत, ए आणि बी. १९९९ साली अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये बी गटाचा एक विषाणू सापडला. त्याच्या जी नावाच्या जनुकात ६० अक्षरांचा एक तुकडा सलग दोनदा लिहिला गेला होता. आमच्या दुसऱ्या रांगेतल्या "शाळा शाळा" सारखाच. त्या शहराच्या नावावरून त्याला बीए म्हणतात. पुढच्या काही वर्षांत तो जगभर पसरला आणि बी गटातल्या जुन्या प्रकारांना त्याने बहुतेक ठिकाणी मागे सारलं. पुढे २०१० च्या डिसेंबरात कॅनडातल्या ओंटारिओत ए गटातही तेच घडलेलं दिसलं, या वेळी ७२ अक्षरं दोनदा. त्याचं नाव ओएन१. तोही काही वर्षांत जगभर.

तीन अक्षरांमागे प्रथिनाचा एक मणी, या हिशेबाने ६० अक्षरं म्हणजे २० मणी आणि ७२ म्हणजे २४ मणी. दहावीला "प्रथिन संश्लेषण" शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा. मुलांना विचारा, साठाऐवजी एकसष्ट अक्षरं दुप्पट झाली असती तर? पुढचं सगळं वाचन एका घराने सरकलं असतं आणि पुढच्या मण्यांचा अर्थच गेला असता. ६० आणि ७२ दोन्हींना तीनने भाग जातो हा योगायोग नाही. भाग न जाणाऱ्या चुका झाल्या असतीलच, पण त्या टिकल्या नाहीत म्हणून आपल्याला दिसल्या नाहीत.

हे आपल्यापासून लांबचं नाही. पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही म्हणून ओळखली जाते. कोविडमुळे हे नाव घराघरात पोचलं, पण सर्दी-खोकल्याच्या मुलांच्या नाका-घशातले नमुने तपासण्याचं काम तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. पुण्यातल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत बीए आणि ओएन१ हे दोन्ही प्रकार सापडले आहेत. ब्युनोस आयर्समध्ये कुठल्या तरी बाळाच्या नाकात झालेली नकलेची चूक काही वर्षांनी पुण्यातल्या बाळाच्या नाकात जशीच्या तशी. मुलांना जगाच्या नकाशावर ही रेघ काढायला लावली, तर भूगोलाचा तासही होतो.

मग गोवर एकदाच का?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. गोवराचा विषाणूही आरएनएचाच. त्याची वही १५,८९४ अक्षरांची, म्हणजे आरएसव्हीएवढीच जवळपास. तोही चुका करतो, त्याचेही २४ जनुकीय प्रकार नोंदलेले आहेत. तरी एकच लस सगळ्यांवर चालते. कारण त्याच्या अंगावरचे जे भाग आपली प्रतिकारशक्ती ओळखते, ते बदलले की त्याला पेशीत शिरताच येत नाही. किल्लीचे दात बदलले की कुलूप उघडत नाही, तसं. म्हणून "विषाणू बदलतो" हे अर्धंच उत्तर. कुठे बदलतो, हे उरलेलं अर्धं.

आरएसव्हीच्या अंगावर दोन महत्त्वाची प्रथिनं आहेत. जी प्रथिन चिकटण्याचं काम करतं आणि ते फार बदलतं, वरच्या दोन्ही दुरुक्ती त्यातच झाल्या. एफ प्रथिन पेशीत शिरण्याचं काम करतं आणि ते फारसं बदलत नाही. साहजिकच लस आणि औषधं एफवर बेतलेली आहेत. पण इथे एक काळा इतिहास आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना देऊन पाहिली गेली. लस घेतलेल्या बाळांना पुढच्या हंगामात आजार उलट जास्त तीव्र झाला आणि दोन बाळं दगावली. त्यानंतर अनेक वर्षं या लसीचं नाव काढायला कुणी धजेना. पेशीला भिडण्याआधी एफचा आकार वेगळा असतो, भिडल्यावर वेगळा, आणि प्रतिकारशक्तीला दाखवायला हवा तो आधीचा, हे २०१३ मध्ये त्या आकाराचं चित्र मिळाल्यावर नीट उमगलं. त्यावरूनच गरोदर आईला द्यायची लस आणि बाळाला एकदा टोचायचं निर्सेविमॅब नावाचं प्रतिपिंड तयार झालं. परदेशांत २०२३ पासून दोन्ही वापरात आहेत. आपल्या सरकारी लसीकरणात मात्र हे लिहीपर्यंत यातलं काही नाही.

आणि प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. आरएसव्ही पुन्हा पुन्हा होतो त्याचं कारण फक्त त्याचं बदलणं नाही. नाकातली प्रतिकारशक्ती मुळातच काही महिन्यांत ओसरते. त्यामुळे तोच प्रकार परत आला तरी सर्दी होऊ शकते. मात्र पहिल्या वेळेइतकी ती सहसा छातीत उतरत नाही. पहिली वेळ बाळ लहान असताना येते, धोका तिथे आहे.

सर्दीचं म्हणाल तर मुख्य आरोपी ऱ्हायनोव्हायरस. त्याचे ए, बी, सी असे तीन गट आणि मिळून १६० हून जास्त प्रकार. एका प्रकाराची ओळख दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. वर्षातून सहा-आठ वेळा लहान मुलाला सर्दी होणं यात काही विशेष नाही. "आमच्या पोराची इम्युनिटीच कमी आहे" म्हणून पावडरींचे डबे आणणाऱ्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी महिन्याचे चार पैसे वाचतील. त्या मुलीला मी हेच सांगितलं : तुला तीच सर्दी परत झालेली नाही, बहुतेक दुसरीच झाली आहे, नाव सारखं आहे इतकंच.

फ्लूची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची वही शिवलेली नसते, आठ सुटी पानं असतात. एकाच पेशीत दोन वेगवेगळे फ्लू शिरले की पानं एकमेकांत मिसळतात आणि तिसराच विषाणू बाहेर पडतो. २००९ चा स्वाइन फ्लू असाच, डुकरांच्या, पक्ष्यांच्या आणि माणसाच्या फ्लूची पानं एकत्र येऊन झालेला. भारतातला त्याचा पहिला मृत्यू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला आणि पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. फ्लूच्या लसीचा पाठ वर्षातून दोनदा का तपासावा लागतो, ते यावरून कळेल.

"नवा विषाणू आला" म्हणजे काय?

जानेवारी २०२५ चा पहिला आठवडा आठवा. चीनमध्ये एचएमपीव्ही नावाचा "नवा" विषाणू आल्याच्या बातम्या, मग बंगळुरू, अहमदाबाद, नागपूर अशी एकेक नावं टीव्हीच्या खालच्या पट्टीत. आमच्या पालकांच्या ग्रुपवर एका दिवसात चाळीसेक मेसेज आले. दोन दिवस पहिलीचा पट निम्म्यावर. एका आजोबांनी फाटकाशी येऊन विचारलं, "मास्तर, पुन्हा लॉकडाऊन लागून राह्यलं का?"

एचएमपीव्ही, म्हणजे ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस, नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००१ साली ओळखला. ओळखला, जन्मला नाही. त्यांनी जपून ठेवलेलं जुनं रक्त तपासलं तेव्हा १९५८ च्या नमुन्यांतही त्याची प्रतिपिंडं निघाली. आणि भारतातल्या मुलांमध्ये तो सापडल्याची पहिली नोंद पुण्याची आहे, एनआयव्हीच्या संशोधकांनी ती २००४ साली प्रसिद्ध केली. म्हणजे "नवा" म्हणून ज्याच्यामुळे पट निम्म्यावर आला तो आपल्या राज्यात वीस वर्षांपूर्वीच नोंदला गेला होता. त्याचेही ए आणि बी असे दोन गट, त्यांचे पोटप्रकार आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी त्याची सर्दी काढून संपवली असेल.

खरोखर नवा पाठ कधी येतो तेही आपण विदर्भाने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला आणि आपल्या बुलडाण्याकडे कोविडचे रुग्ण एकदम वाढले. बी.१.६१७ हे कूळ महाराष्ट्रातल्या नमुन्यांत त्याच सुमारास वाढताना दिसलं. पुढे डेल्टा म्हणून जगाला हैराण करणारा प्रकार त्याच कुळातला. नमुन्यांची अक्षरं वाचणारी यंत्रणा नसती तर हे कळलंच नसतं. म्हणून मुलांना सांगताना मी दोन वाक्यं वेगवेगळी सांगतो. नवीन सापडलेला विषाणू ही एक गोष्ट. नवीन बदललेला विषाणू ही दुसरी. बातमी वाचताना यातलं कोणतं आहे ते शोधायचं.

आता घरातली गोष्ट

हे सगळं मला कळतं, मी विज्ञान शिकवतो, तरी माझ्या घरात काय झालं ते लिहितो. काही वर्षांपूर्वी, सोयाबीन काढणीचे दिवस होते. थोरला पहिलीत, धाकटी अडीच महिन्यांची. थोरल्याला सर्दी झाली, नुसती वाहती सर्दी, ताप नाही. त्या वर्षी त्याचा एकही खाडा नव्हता आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस त्याला हवं होतं. मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू. शाळेत जायचा, आला की बहिणीची पापी घ्यायचा. चार दिवसांनी तिचं नाक वाहायला लागलं. आम्ही म्हटलं, सर्दीच आहे. थोरल्याच्या खोकल्याच्या बाटलीतलं उरलेलं औषध मी स्वतः दोन-तीन थेंब तिला पाजलं. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. त्यांनी दुपटं बाजूला केलं आणि म्हणाल्या, "मास्तर, पोट पाहा कसं उडून राह्यलं लेकराचं. हे सर्दी नोय." मी मोबाईलमधलं घड्याळ लावून श्वास मोजले. बहात्तर. त्या रात्री बुलडाण्याला नेलं, चार दिवस ऑक्सिजनवर होती. बरी झाली. आता ती चौथीत आहे आणि चिठ्ठीच्या प्रयोगात "पोर आला" लिहिणारी तीच, असं तिचं म्हणणं आहे.

मला पुढे केनियातल्या किलिफी या ग्रामीण भागातला अभ्यास वाचायला मिळाला. तिथे २००९-१० च्या हंगामात घराघरांतल्या सगळ्या माणसांचे नमुने ठरावीक दिवसांनी घेतले गेले. बाळाला आरएसव्ही कुणी दिला हे पाहिलं तर बऱ्याच बाळांना तो घरातूनच मिळाला होता, आणि घरात आणणारं बहुतेकदा मोठं भावंड होतं, त्यातही शाळेत जाणारं. पुढे त्या नमुन्यांची अक्षरं वाचून कोणाचा विषाणू कुणाकडून आला तेही ताडून पाहिलं गेलं. आमच्या आठवीच्या मुलांनी चिठ्ठ्या लावल्या तशाच. ते वाचताना हजेरीचं ते बक्षीस डोळ्यांपुढे आलं. तेव्हापासून माझ्या वर्गात हे बक्षीस बंद आहे. वाहतं नाक घेऊन मूल आलं तर मी परत पाठवत नाही, आईवडील वेचणीला गेलेले असतात, ते जाणार कुठे? पण घरात तान्हं बाळ आहे का एवढं विचारतो. असेल तर सांगतो : घरी गेलास की आधी हात धू, बाळाच्या तोंडाजवळ आठ दिवस जायचं नाही, लांबून खेळव. मुलं हे पाळतात, मोठ्यांपेक्षा बरं पाळतात.

आपल्या शेजारच्या मेळघाटात डॉ. आशिष सातव आणि त्यांच्या महान संस्थेने २०१६ पासून चार हंगाम गावोगाव फिरून दोन वर्षांच्या आतल्या मुलांमधल्या आरएसव्हीचा अभ्यास केला. दवाखान्यात बसून नाही, गावात जाऊन. कारण तिथे आरएसव्हीने जाणारी बाळं घरातच जातात, दवाखान्याच्या रजिस्टरात येतच नाहीत. पोट उडायला लागलं की पोटावर चटके देण्याची अघोरी रीत त्या भागात अजून पूर्ण गेलेली नाही. आपणही फार शहाणे नाही. मी बाटलीतलं औषध पाजलंच ना? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त मुलं गेली. त्यातल्या कित्येकांना उपचाराला नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत. भेसळ नसली तरी त्या वयात त्यांचा उपयोग नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचाही नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवू नका.

मग करायचं काय? श्वास मोजायचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शंभराच्या आसपास गावांत केलेला प्रयोग १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, तर जिथे हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्यावर आले. तिथल्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, म्हणून बंगांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया. गणिताच्या तासाला हे करून पाहण्यासारखं आहे.

तुम्हाला मोजता येतं, तर असं मोजा. बाळ शांत असताना किंवा झोपेत, दूध पिताना किंवा रडताना नाही. कपडा वर करून पोटाकडे पाहायचं, एक वेळ वर-खाली म्हणजे एक श्वास. पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळांचा श्वास सारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त आले तर आशाताईंना फोन करा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर एकदा पुन्हा मोजा, तेवढेच आले तर थेट मोठ्या दवाखान्यात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, बाळ कण्हतंय, दूध ओढत नाही, ओठ निळसर पडलेत, हलवलं तरी गुंगीत आहे, यातलं एक जरी दिसलं तर मोजतही बसू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी १०८ लावा.

न्यूमोनियाची पीसीव्ही लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळा सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती जंतूंच्या न्यूमोनियाची आहे, आरएसव्हीची नाही. पण विषाणूने दमवलेल्या छातीत जंतू मागून शिरतात, म्हणून ती चुकवू नका. आणि बाळ असलेल्या खोलीत चूल नको, विडी नको.

चिठ्ठीचा प्रयोग तुमच्या शाळेत करणार असाल तर वाक्य आपल्या गावचं घ्या, मुलांना मजा येते. त्यात एक जोडाक्षर आणि एक ऱ्हस्व-दीर्घाची जागा असू द्या, आणि सगळ्या चिठ्ठ्यांच्या मागे बारीक पेन्सिलने रांग आणि क्रमांक लिहून ठेवा. फेटताना तेवढी बाजू खाली राहील असं पाहा. मी पहिल्यांदा क्रमांकच लिहिले नव्हते, त्यामुळे आठवीने लावलेला क्रम बरोबर की चूक हे ठरवायला पुन्हा बत्तीस पोरांना एकेक करून बोलवावं लागलं.